नऊ एकांचा वर्ग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गावर तास संपायला दहा मिनिटे उरली होती. अशा वेळी उपयोगी पडावीत म्हणून चार-दोन गमतीची उदाहरणे आपण शिक्षक मंडळी नेहमीच जवळ बाळगून असतो. त्यांपैकी एक आम्ही बाहेर काढले आणि फळ्यावर लिहिले :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

पुढची ओळ मुलांनीच सांगितली. त्यापुढचीही. सारा वर्ग एका सुरात आकडे म्हणत चढू लागला आणि उतरू लागला. नऊ एकांपर्यंत पोहोचलो तेव्हा ओळ फळ्याच्या कडेला टेकली होती :

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, दहा एक घेतले तर?" घंटा झालीच होती. खडू ठेवता ठेवता आम्ही म्हणालो, "तसंच पुढे चालायचं."

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. तिने दहा एकांना दहा एकांनी खरोखरच गुणले होते. उत्तर होते १२३४५६७९००९८७६५४३२१. "सर, चढताना आठ गळतोय आणि मध्ये दोन शून्यं येतायत," ती म्हणाली. पोरीचा हातचा चुकला असणार, असे आम्हांला वाटले. तिच्यासमोर बसून पुन्हा गुणाकार केला. हातचा चुकला नव्हता. चुकलो होतो आम्ही.

नऊ वेळा खरी ठरलेली गोष्ट दहाव्या वेळी खोटी ठरली. असे का व्हावे? आणि मुळात नऊ वेळा तरी ती खरी का ठरावी? या प्रश्नांच्या मागे लागलो तेव्हा त्या सतरा अंकी संख्येत बरेच काही दडलेले आढळले. तेच या लेखात मांडत आहोत.

केवढी ही संख्या?

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन ही संख्या लिहू : १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) एककापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत. आपल्या संख्येत सतरा अंक आहेत. म्हणजे तिचा डावीकडचा पहिला अंक सतराव्या, 'मध्य' नावाच्या स्थानावर येतो. आणखी एक अंक असता तर ती परार्धाला पोहोचली असती.

खिशातल्या आठ अंकी गणकयंत्रात ही संख्या मावत नाही. त्यावर नऊ एक लिहितासुद्धा येत नाहीत. संगणकावरच्या तक्त्यात साधारणपणे पहिले पंधरा अंकच नेमके धरले जातात. तेथे हा गुणाकार केला तर शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्ये दिसतात. म्हणून पूर्ण उत्तर हवे असेल तर कागद आणि पेन्सिल हेच साधन बरे. शिवाय खरे रहस्य कागदावरच उघडे पडते.

चढण कशी तयार होते?

लहान उदाहरण घेऊ. १११ ला १११ ने गुणताना आपण काय करतो? १११ हीच संख्या तीनदा लिहितो, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून :

००१११
०१११०
१११००
———
१२३२१

(घरे नीट जुळावीत म्हणून डावीकडेही शून्ये भरली आहेत.)

आता उभे स्तंभ पाहा. एककाच्या स्तंभात एकच १ आहे. दशकाच्या स्तंभात दोन, शतकाच्या स्तंभात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या त्या स्तंभातील एकांची संख्या. दुसरे काही नाही.

नऊ एकांचेही असेच. नऊ ओळी, प्रत्येक एक घर सरकलेली, एकंदर सतरा स्तंभ. उजवीकडून मोजले तर स्तंभांत १, २, ३ असे करत नवव्या स्तंभात ९ एक येतात. तेथून पुढे उजवीकडच्या ओळी संपत जातात, म्हणून संख्या ८, ७, ६ अशी उतरत सतराव्या स्तंभात १ वर येते. कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊच्या वर जात नाही. त्यामुळे हातचा कुठेच घ्यावा लागत नाही आणि मोजलेली संख्या जशीच्या तशी उत्तरात उतरते.

हे चित्र मुलांकडून चौकटीच्या कागदावर करून घ्यावे. नऊ गुणिले नऊ चौकटींचा चौरस काढायचा, प्रत्येक चौकटीत एक टिंब द्यायचे आणि मग तिरक्या रेषांवरची टिंबे मोजायची. एका कोपऱ्यातून निघून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाताना १, २, ३, … ८, ९, ८, … ३, २, १ अशीच टिंबे मिळतात. ज्या मुलांना लांबलचक गुणाकाराचा कंटाळा येतो, त्यांनाही टिंबे मोजण्याचा येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

दहाव्या पायरीवर काय होते?

आता दहा एक घ्या. स्तंभ एकोणीस होतात आणि मधल्या, म्हणजे दहाव्या स्तंभात दहा एक जमतात. दहा ही संख्या एका घरात मावत नाही. तेथे ० लिहून हातचा १ पुढच्या स्तंभात न्यावा लागतो. पुढच्या स्तंभात नऊ एक होतेच, त्यांत हातचा मिळून पुन्हा दहा झाले. परत ०, परत हातचा १. त्यापुढच्या स्तंभात आठ एक होते, हातचा मिळवून ९ झाले आणि हातच्याची साखळी तेथे थांबली. पुढे ७, ६, ५ असे पूर्वीप्रमाणेच.

म्हणून डावीकडून वाचताना १२३४५६७ नंतर ८ च्या जागी ९ दिसतो, मग दोन शून्ये येतात आणि मग ९८७६५४३२१. त्या मुलीने 'आठ गळतोय' असे म्हटले होते. खरे तर आठ गळाला नव्हता. हातचा घेऊन तो नऊ झाला होता आणि मूळचा नऊ शून्य झाला होता.

तेव्हा 'तसंच पुढे चालायचं' हे आमचे उत्तर चुकले, त्याचे कारण स्पष्ट आहे. आम्ही उत्तरांचा आकार पाहिला होता. तो आकार कशामुळे येतो, हे पाहिले नव्हते. कारण ठाऊक असते तर 'नवाच्या पुढे हातचा आला की हे मोडेल' असे गुणाकार न करताही सांगता आले असते.

एक्याऐंशी

आता संख्येच्या अंकांची बेरीज करू. १ + २ + ३ + … + ९ + … + ३ + २ + १ = ८१. ही बेरीज ८१ का, ते टिंबांच्या चौरसावरून लगेच कळते. नऊ नव्वे एक्याऐंशी टिंबे होती. हातचा न आल्यामुळे एकही टिंब हरवले नाही. ती सगळी अंकांत वाटली गेली, एवढेच.

दहा एकांच्या वर्गात मात्र शंभर टिंबे असूनही अंकांची बेरीज येते ८२. अठरा कुठे गेले? हातचा घेताना एका स्तंभातील दहा जातात आणि पुढच्या स्तंभात एक वाढतो. म्हणजे प्रत्येक हातच्यामागे अंकांच्या बेरजेत ९ कमी होतात. आपण दोन हातचे घेतले, म्हणून १८ कमी. नवाने भाग जातो की नाही हे अंकांच्या बेरजेवरून का ओळखता येते, याचेही मूळ येथेच आहे. हातच्यामुळे बेरीज कमी झाली तरी ती नवाच्या पटीतच कमी होते, त्यामुळे नवाने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही.

पुढची गंमत अशी. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो. साहजिकच तिच्या वर्गाला ९ × ९, म्हणजे ८१ ने भाग जातो. आणि ८१ ही तर त्या वर्गाच्याच अंकांची बेरीज! भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग.

आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो अशा संख्येला 'हर्षद' संख्या म्हणतात. हर्षद म्हणजे आनंद देणारी. उदाहरणार्थ १८ : १ + ८ = ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. एकांच्या वर्गांपैकी पहिले नऊ तपासले तर फक्त तीनच हर्षद निघतात : एका एकाचा, तीन एकांचा आणि नऊ एकांचा. १२३२१ ला ९ ने भागून पाहा. ३७ चा वर्ग मिळेल.

देवळालीचे मास्तर

हर्षद हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत देवळालीला शाळेत शिक्षक होते. गणितातील संशोधनाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. शाळा सांभाळून ते आयुष्यभर संख्यांशी खेळत राहिले. ६१७४ या संख्येमुळे त्यांचे नाव जगभर गेले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले. १९८६ साली कापरेकर वारले.

आपली सतरा अंकी संख्याही त्यांच्याच परिवारातली. १, १२१, १२३२१ या संख्या ज्या कुळात मोडतात, त्यांना कापरेकरांनी 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. या संख्यांची कल्पना त्यांना डोंबिवली स्थानकावर सुचली. डेम्लो हे त्या स्थानकाचे जुने नाव.

चढत जाऊन उतरणाऱ्या संख्यांचे आकर्षण आपल्याकडे फार जुने आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात हारासारखी दिसणारी उत्तरे देणारे काही गुणाकार आहेत. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणायचे, हा त्यांतलाच एक. उत्तर येते १२३४५६५४३२१, म्हणजे सहा एकांचा वर्ग. ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा. २१ × ५२९१ करून पाहा, म्हणजे त्या हाराची गाठ सापडेल.

मोठा झालेला नवाचा पाढा

आता आपल्या संख्येचे अवयव पाडू. १११११११११ = १११ × १००१००१. यातील १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. यांत ३, ३७ आणि ३३३६६७ या मूळ संख्या आहेत. म्हणून आपल्या संख्येत ३ हा अवयव चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो. यावरून तिचे एकंदर विभाजक ५ × ३ × ३ = ४५ निघतात. ४५ विषम आहे आणि ते तसे असायलाच हवे. विभाजक नेहमी जोडीने येतात. फक्त पूर्ण वर्गातच एक विभाजक असा असतो की त्याची जोडी त्याच्या स्वतःशीच जमते. येथे तो १११११११११.

अवयवांची मांडणी थोडी बदलू. १११११११११ = ९ × १२३४५६७९. ही आठ गाळलेली संख्या बहुतेक शिक्षकांच्या ओळखीची असेल. आता वर्ग करताना त्यातला ९ दुसऱ्या १११११११११ ला देऊन टाकू. मग

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७९ × ९९९९९९९९९

हे मिळते. नऊ नवांनी गुणणे सोपे आहे. एकावर नऊ शून्यांनी गुणायचे आणि मूळ संख्या एकदा वजा करायची :

१२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१

एका वजाबाकीत उत्तर आले! आता या उत्तराचे दोन तुकडे करा : १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. त्यांची बेरीज करा. ९९९९९९९९९ येते.

हा चमत्कार वाटला तरी आपल्या मुलांनी तो तिसरीतच पाहिलेला असतो. नवाचा पाढा आठवा. नऊ साते त्रेसष्ट : यातील ६ हा सातापेक्षा एकाने कमी, ३ हा सातापासून दहाला लागणारा पूरक आणि ६ + ३ = ९. वरच्या उदाहरणात हेच घडले आहे. पहिला तुकडा १२३४५६७९ पेक्षा एकाने कमी आहे, दुसरा तुकडा तिला एकावर नऊ शून्यांपर्यंत नेणारा पूरक आहे. दहाच्या जागी शंभर कोटी आले आणि नवाच्या जागी नऊ नव.

याच वाटेने पुढे गेले की कापरेकरांचीच आणखी एक कल्पना भेटते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले तर मूळ संख्या परत येते, अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. ९९९९९९९९९ ही अशीच संख्या आहे. तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१ : पहिले नऊ अंक आणि शेवटचे नऊ अंक मिळवून पाहा. आणि हा वर्ग म्हणजे आपल्या सतरा अंकी संख्येची ८१ पट. म्हणजे तिच्याच अंकांच्या बेरजेइतकी पट. डेम्लो, हर्षद आणि कापरेकर संख्या अशा तिन्ही येथे एका ठिकाणी आल्या.

गुण संख्येचा की लिहिण्याचा?

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. रामानुजन यांना केंब्रिजला बोलावून घेणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० सालच्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण दिले आहे. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट, म्हणजे दोन्ही आपल्याच उलट्या संख्येच्या पटी. कोड्यांच्या सदरात हे शोभेल, पण गणितज्ञाला यात रस वाटावा असे काही नाही, असे त्यांचे मत होते.

या मतात तथ्य आहे. आपली संख्या पूर्ण वर्ग आहे, विषम आहे, तिला ४५ विभाजक आहेत, हे तिचे स्वतःचे गुण. ती कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी ते बदलत नाहीत. पण ती चढते-उतरते, हा गुण आपण दशमान पद्धतीने लिहितो म्हणून दिसतो. अष्टमान पद्धतीत ही मालिका सात एकांपर्यंत चालते आणि आठ एकांना मोडते, कारण तेथे आठ झाले की हातचा येतो. द्विमान पद्धतीत तर ती दुसऱ्याच पायरीवर मोडते : ११ × ११ = १००१, म्हणजे तीन त्रिक नऊ. आपली चढण नवापर्यंत पोहोचते, कारण आपण दहाने मोजतो. आपल्याला बोटे दहा आहेत, हेच त्याचे मूळ.

मग वर्गात अशी उदाहरणे सांगू नयेत काय? आम्हांला तसे वाटत नाही. नुसते उत्तर दाखवून टाळ्या घ्यायच्या असतील तर हार्डी यांचे म्हणणे बरोबरच आहे. पण 'असे का?' हे विचारले की त्याच गमतीतून स्थानिक किंमत, हातचा, विभाज्यतेची कसोटी, अवयव आणि संख्यालेखनाच्या निरनिराळ्या पद्धती, इतके सारे बाहेर येते. शाळेच्या गणितातले हेच तर महत्त्वाचे भाग आहेत.

वर्गात घेताना

आता हे उदाहरण आम्ही नऊ एकांवर थांबवत नाही. दहा एकांचा वर्ग काय येईल याचा अंदाज आधी प्रत्येकाने वहीत लिहायचा आणि मग गुणाकार करायचा, असे सांगतो. बहुतेकांचा अंदाज चुकतो. तो कुठे आणि का चुकला, हे मुलांनीच शोधायचे. शिक्षकाने घाई करून हातच्याचे नाव घेऊ नये. टिंबांचा चौरस काढला की कोणीतरी ते घेतेच.

शेवटी मुलांना द्यायला एक प्रश्न : अकरा एकांच्या वर्गातील अंकांची बेरीज ८५ येते. गुणाकार न करता, त्यात किती हातचे घ्यावे लागले ते सांगा. टिंबे किती आणि एका हातच्यामागे किती कमी होतात, एवढे आठवले की पुरे. उत्तर काढून झाल्यावर गुणाकार करून पडताळा घ्यायला मात्र विसरू नका. आम्ही तो एकदा घेतला नव्हता.